आत्यांची बंदूक विमानात

"यात काय आहे?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"बंदूक," आत्या म्हणाल्या.

भाकरी म्हणावं तसं म्हणाल्या. मागच्या रांगेतला सुटाबुटातला एक गृहस्थ लगेच दोन पावलं मागं सरला. त्या मुलीनं एकदा आत्यांच्या नऊवारीकडं बघितलं, एकदा त्या लांबट काळ्या पेटीकडं आणि मग माझ्याकडं. दोघींतलं शहाणं माणूस कोण, ते तिला ठरवायचं असावं.

"बाराबोरची दुनळी हाय," आत्यांनी समजावून सांगितलं. "रिकामी हाय. काडतुसं त्या दुसऱ्या पेटीत, कुलूप लावून. ही माझी सून, मालन. हिनं आदीच फोन करून कळवलंय तुमाला."

मी मान हलवली. खरं सांगते, त्या घटकेला धरणीनं मला पोटात घेतलं असतं तर मी तिचे उपकार मानले असते. पुण्याच्या विमानतळावर, सकाळच्या गर्दीत, सासूच्या मागं बंदुकीची पेटी ढकलत उभी राहिलेली सून महाराष्ट्रात दुसरी कुणी नसेल.

गोष्ट बरीच जुनी आहे. आमचं रान भुदरगडात, डोंगराच्या अगदी कुशीत. ऊस आणि भुईमूग. डोंगरातनं रानडुकरं उतरायची आणि एका फेरीत वाफेच्या वाफे उलटेपालटे करून जायची. माझे सासरे, बाबूराव डेळेकर, अशाच एका डुकराच्या मागं गेले आणि त्या डुकरानंच त्यांना मारलं. माझे मालक जयवंत तेव्हा पाळण्यात होते. बंदूक वर्षभर पोलीस ठाण्यात पडून होती. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाई हौसाबाईंनी, कचेरीत हेलपाटे घालून घालून ती स्वतःच्या नावावर करून घेतली आणि चालवायला शिकल्या. पुढं एका निवृत्त सुभेदारांनी त्यांचा नेम बघितला आणि त्यांना कोल्हापूरच्या क्लबात नेलं. तिथं मातीच्या तबकड्या हवेत सुटतात, त्या फोडायच्या असतात. आत्या फोडायला लागल्या. राज्याच्या सामन्यात ज्येष्ठांच्या गटात त्यांचा नंबर आला आणि दिल्लीच्या सामन्याचं बोलावणं आलं. वय एकसष्ट.

घरात या बंदुकीवरनं कायम धुसफूस. जयवंत तिच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. "त्या बंदुकीनं माझा बाप खाल्ला," असं म्हणायचे. ती ज्या खोलीत असेल त्या खोलीत झोपायचे नाहीत. त्या वर्षी परवान्याची मुदत संपत होती आणि ते हट्टालाच पेटले. "आई, या दिवाळीच्या आत बंदूक ठाण्यात जमा करायची. लय झालं." आत्या काही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. शेवटी मायलेकांचं ठरलं ते असं : दिल्लीला ठरलेले गुण पडले तर बंदूक राहील आणि जयवंत पुन्हा तोंड उघडणार नाहीत. नाही पडले, किंवा दिल्लीला पोचणंच झालं नाही, तर बंदूक जमा. जयवंत कबूल झाले, कारण म्हातारी विमानापर्यंतसुद्धा पोचणार नाही अशी त्यांची खात्री होती. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मालन, वाटेत जरा काही झालं की तिला परत घेऊन ये. मी गाडी पाठवतो."

मी 'बरं' म्हटलं होतं. मलाही त्या बंदुकीचं काही कौतुक नव्हतं.

तर ते काउंटर. एक वरिष्ठ आले, आम्हाला आतल्या खोलीत नेलं. परवाना बघितला, सामन्याचं पत्र बघितलं, काडतुसांचं वजन केलं. "रिकामी आहे हे दाखवा," म्हणाले. आत्यांनी बंदूक मधनं मोडली, दोन्ही नळ्या उजेडाकडं धरल्या आणि त्यांनाच म्हणाल्या, "बगा की आरपार. लाजू नका." ते हसले. पेट्यांना चिठ्ठ्या चिकटल्या, पेट्या पट्ट्यावरनं आत गेल्या. माझ्या जिवात जीव आला.

"झालं की गं," आत्या म्हणाल्या. "उगंच घाबरत हुतीस."

आणि मग तपासणी. आम्ही हातातल्या पिशव्या यंत्रात सोडल्या. माझी आली. आत्यांची काही येईना. पट्टा थांबला, मागं गेला, पुन्हा पुढं आला. पडद्यासमोरच्या जवानानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला.

"ये बैग किसका है?"

"माजी हाय," आत्या म्हणाल्या.

जवानानं पिशवी उघडली. आतनं एक लुगडं निघालं, शेंगदाण्याचा लाडू निघाला आणि खाली एक लाल बटवा. बटव्याची नाडी सोडली तर सगळा भंडारा त्याच्या हातमोज्यावर. पिवळ्याधमक हळदीत बोटं घालून त्यानं बाहेर काय काढलं असेल?

काडतूस.

मी ओरडलेच. "आत्या! हे काय? सगळी काडतुसं पेटीत टाकायची म्हणून मी घसा कोरडा केला ना?"

"आगं, काडतुसं समदी पेटीतच हाईत," आत्या मलाच समजावायला लागल्या. "ही मानाचं हाय."

आता हे त्या जवानाला कुठल्या भाषेत सांगावं? आमच्या घरी खंडेनवमीला बंदूक पाटावर मांडतात. झेंडूची माळ, भंडारा, नारळ. त्या दिवशी एक काडतूस बंदुकीशेजारी ठेवून पूजतात. ते वर्षभर उडवायचं नाही, देव्हाऱ्यात ठेवायचं आणि बंदूक घराबाहेर निघाली की तिच्याबरोबर न्यायचं. सासऱ्यांच्या आज्यापासनं चालत आलेलं. मी आदल्या दिवशी सगळी काडतुसं मोजून पेटीत भरली होती, त्यात ते मानाचंही होतं. आत्यांनी रात्रीत उठून काढून घेतलं.

"का काढलं?"

"त्या पेटीवर लोकांच्या चपला-बुटांच्या पिशव्या पडत्यात म्हनलीस तूच. देवाची वस्तू कुनाच्या बुटाखाली घालायची व्हय? म्हनून भंडाऱ्यात ठिवलं, माझ्याजवळ." मग त्या जवानाकडं वळल्या. "पूजा हाय ही, बाबा. पूजा."

"पूजा तो ठीक है माताजी," तो बिचारा म्हणाला, "लेकिन कारतूस जिंदा है."

आम्हाला पोलिसांच्या खोलीत नेलं. फौजदार लवटे म्हणून होते, सोलापूरकडचे. माणूस सरळ होता, पण कायदा त्याच्याही डोक्यावर होताच. त्यांनी परवाना उलटापालटा करून वाचला, गावाकडच्या ठाण्यात फोन लावला.

"परवाना खरा आहे म्हणून वाचलात, आजी. नाहीतर विनापरवाना काडतूस बाळगलं म्हणून आत बसावं लागलं असतं. आता जबाब घ्यावा लागेल, काडतूस जप्त होईल, वर विचारावं लागेल. वेळ लागणार."

"विमान?" मी विचारलं.

"ते नाही मिळायचं, ताई. तुमच्या पेट्या खाली उतरवायला सांगितल्यात."

आत्यांनी ऐकलं. तोंडावरची रेष हलली नाही. "दुसरं कदी हाय?"

"संध्याकाळी एक आहे. जागा असेल तर."

"आसंल," आत्या म्हणाल्या. "सामना उद्या सकाळी हाय. लिवा जबाब."

लवट्यांनी कागद ओढला. नाव, गाव, वय विचारून झालं आणि पेन टेकवता टेकवता ते म्हणाले, "आजी, राग मानू नका. या वयात हा खटाटोप कशापायी? नातवंडं खेळवायची सोडून."

"नात हाय की. तीबी खेळवती," आत्या म्हणाल्या. एवढंच.

जबाब झाला, अंगठा नाही, आत्यांनी सही केली. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. काचेतनं आमचं विमान मागं मागं सरकताना दिसत होतं. तेवढ्यात जयवंतांचा फोन. मी सगळं सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. खरंच त्यांना हायसं वाटलं होतं, आवाजात कळत होतं. "देवानंच अडवलं म्हण. तू तिला घेऊन फाटकापाशी थांब, मी गाडी लावून देतो. बोलीप्रमाणं आता बंदूक जमा. तिला सांग, आता पुरे."

मी फोन ठेवला. आत्यांना सांगितलं.

"तुला जायाचं आसंल तर जा," आत्या म्हणाल्या. "मी एकटी जाते."

"एकट्या? तुम्हाला हिंदी येत नाही."

"बंदुकीला कुटं येती?"

तेव्हा मात्र माझा पारा चढला. सकाळपासनं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. "कशासाठी, आत्या? कुणासाठी एवढं? तुमचा मुलगा त्या बंदुकीपायी घरात नीट जेवत नाही. तुमच्या नवऱ्याचा जीव गेला तिच्यापायी. पोलीस झाले, लोकांत शोभा झाली, विमान गेलं. आणि तुम्ही अजून बंदूक बंदूक करताय! असं काय आहे त्या लोखंडात?"

आसपासची माणसं बघायला लागली. आत्या पदरानं हातावरचा भंडारा पुसत म्हणाल्या, "तुज्या मामंजींना डुकरानं मारलं, ही तुला ठाव हाय. म्या तितंच हुते, ही ठाव हाय का?"

मला माहीत नव्हतं. गावात कुणालाच माहीत नव्हतं. सगळे म्हणायचे, आत्या ओरडा ऐकून घरातनं पळत गेल्या.

"भाकरी घिऊन गेलते. फडाच्या कडंला. त्येंनी एक बार टाकला, त्यो डुकराच्या पाटीला चाटून गेला. डुक्कर उलाटलं. ह्येंना पाडलं आन् बंदूक उडून माज्या पायाशी पडली. म्या उचलली. मालू, म्या उचलली गं! पळून न्हाई गेले. डुकराच्या कानाला नळी लावली. हितनं तुज्याएवडीबी लांब न्हाई. चाप वडला. काय न्हाई. परत वडला. परत वडला. ह्ये माज्याकडं बगत हुते, कायतरी सांगाय बगत हुते, पन तोंडातनं आवाज फुटंना. म्या आपली चाप वडतीया."

मी त्यांचा हात धरला.

"दुनळीला चाप दोन आसत्यात. फुडला एका नळीचा, मागला दुसरीचा. फुडल्या चापाचा बार त्येंनी आदीच उडीवला हुता. दुसऱ्या नळीत काडतूस तसंच हुतं. भरलेली बंदूक हुती माज्या हातात, आन् म्या रिकामा चाप वडत बसले. मला कुनी सांगितलंच नव्हतं दुसरा आसतोय म्हनून. बाईमानसानं बंदुकीला हात लावायचा न्हाई, आशी घराची रीत. पूजेला तेवडं हळदीचं बोट लावायचं."

"मग कळलं कधी?"

"पंचनाम्याला. हवालदारानं बंदूक मोडली. एक रिकामं निगालं, एक भरलेलं. 'ह्यात एक शिल्लक हुतं की,' म्हनला. कुनाला तरी दुसऱ्याला म्हनला त्यो. म्या दारात हुते."

त्या रडल्या नाहीत. मीच रडत होते.

"रान त्येच हाय, मालू. डुकरं तीच हाईत. तिनईसांजला रानात तू आसतीस, तुजी पोरगी तुज्या मागं मागं आसती. म्या अजून किती वरसं पुरनार? ह्येंच्या हातातनं गेली ती गेली, माज्या हातातनं घराबाहेर जाऊ द्यायची न्हाई म्हनून ठरीवलंय. तबकड्या फोडायचा नाद मला न्हाई. पन त्या फोडल्या तर बंदूक राहती ना? मग म्या फोडनार."

मी विचारलं, "यांना का नाही सांगितलं कधी?"

"काय सांगू? तुजा बाप मरत हुता, आन् भरलेली बंदूक माज्या हातात हुती, आसं? पोराला?" त्यांनी मान फिरवली. "तू सांग. आता सांग. माज्या तोंडातनं त्येच्याम्होरं न्हाई निगत."

मी फोन लावला. "गाडी निघाली का?" जयवंतांनी विचारलं. मी म्हटलं, "गाडी नको. आधी ऐका." आणि आत्यांनी सांगितलं तसं सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. पलीकडनं हूं नाही की चूं नाही. मी दोनदा 'ऐकताय ना?' म्हटलं. मग फोनच बंद झाला. पुन्हा लावला, उचलला नाही.

आत्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. "काय म्हनला?"

"काही नाही म्हणाले."

"हां," त्या म्हणाल्या आणि पिशवीची नाडी आवळायला लागल्या.

मला त्यांचा तो चेहरा बघवेना. वाटलं, मी या बाईच्या हातची भाकरी खाऊन नऊ वर्षं तिच्याविरुद्ध नवऱ्याच्या हो ला हो करत राहिले, आणि ही बाई माझ्यासाठी, माझ्या पोरीसाठी बंदूक धरून बसली होती. मी उठले ते तडक काउंटरला. तीच मुलगी. "संध्याकाळच्या विमानात दोन जागा द्या." "मॅडम, एकच आहे." "दोन द्या." "मॅडम, नाहीये." मी म्हटलं, "ताई, ती समोर बसलीय ती माझी सासू. तिला उद्या सकाळी दिल्लीत उभं राहायचंय आणि ती उभी राहणार आहे. तुम्ही बघा काय करायचं ते, मी इथनं हलत नाही." आणि खरंच हलले नाही. मागची रांग वाढत गेली. लोक चरफडले, एकानं माझी अक्कल काढली, मी त्याला बसायला खुर्ची दाखवली. वरिष्ठ आले, यादी बघितली, कुणाकुणाला फोन केले. दुपार कलली तेव्हा एक तिकीट रद्द झालं आणि ते आमच्या नावावर चढलं.

फौजदार लवटे स्वतः पेट्या घेऊन आले. "काडतूस मात्र परत देता येणार नाही, आजी."

"असू दे," आत्या म्हणाल्या. "देव काय एका काडतुसात बसलेला न्हाई." मग थोडं थांबून, "पन कुटंतरी बरं ठिवा."

दिल्लीला दुसऱ्या दिवशी सकाळी गार वारा होता. सगळ्या बायका झुळझुळीत जाकिटं घालून, डोळ्यांना रंगीत चष्मे लावून आलेल्या. आमच्या आत्या काष्टा खोचून, डोक्याला रुमाल बांधून. पहिल्या फेरीत तबकड्या भराभर निसटल्या. मी तारेबाहेर उभी राहून देवाला हाका मारत होते. दुसऱ्या फेरीआधी आत्या माझ्याकडं आल्या, पाणी प्यायल्या, म्हणाल्या, "हात हलतोय कालपासनं. आता थांबंल." आणि थांबला. तबकडी सुटायची, आत्यांचा खांदा हलायचा, आकाशात लाल धुरळा व्हायचा. पहिला बार चुकला की लगेच दुसरा. त्यांचा दुसरा बार चुकलेला मी त्या दिवशी बघितला नाही. शेवटच्या फेरीला मी मोजणं सोडून दिलं होतं, कारण माझ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

फळ्यावर गुण लागले. ठरले होते त्याच्यापेक्षा जेमतेम वर. पदक-बिदक काही नाही. पण वर.

आत्या गवतावर फतकल मारून बसल्या, बंदूक मोडून मांडीवर आडवी घेतली. मी शेजारी बसले आणि फोन वाजला. आदल्या दुपारपासनं पहिल्यांदा.

"राहिली का?" जयवंतांनी विचारलं. आवाज बसलेला होता. रात्रभर झोपले नसावेत.

"राहिली," मी म्हटलं.

ते म्हणाले, "आईला सांग, तिची काही चूक नव्हती. आणि सांग... घरी आल्यावर मला तो दुसरा चाप दाखव म्हणावं."

मी आत्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिथं, दिल्लीच्या त्या गवतावर, सगळ्या जाकिटवाल्या बायकांच्या देखत, तीस वर्षांचं रडून घेतलं. मी पाठीवरनं हात फिरवत राहिले. पुष्कळ वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं, नाक ओढलं आणि मांडीवरची बंदूक उचलून माझ्या हातात दिली.

"त्येला मागनं दाखवीन," त्या म्हणाल्या. "त्यो दिसभर कारखान्यात आसतोय. रानात तू आसतीस. धर नीट."